आटलेल्या दुधाची नोंद

राजारामपुरी, कोल्हापूर
२६ नोव्हेंबर २०२४

आत्या,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि व्हॉट्सॲपवर मी ‘ठीक’ याच्यापुढे जात नाही, ही तुझी तक्रार मान्य. म्हणून कागद घेतला. सासूबाईंनी चाळीस दिवस मोबाईल काढून ठेवला आहे. बाळंतिणीचे डोळे जातात म्हणे. लिहिण्याबद्दल त्यांना अजून काही सुचलेलं नाही.

तुझी मांडी कशी आहे? वॉकर वापरतेस की नुसता भिंतीला टेकवून ठेवला आहेस? तू पडली नसतीस तर बाळंतपण शिरोळला तुझ्याकडे झालं असतं आणि हे पत्र लिहावं लागलं नसतं. तक्रार नाही, वस्तुस्थिती लिहिते आहे.

प्रश्न दुधाचा आहे.

मुलगी ९ तारखेला झाली. वजन २ किलो ९१० ग्रॅम. पाचव्या दिवशी २ किलो ६५०. एवढी घट चालते, हे मला माहीत आहे. पण काल, सोळाव्या दिवशी, वजन २ किलो ६४० भरलं. एव्हाना जन्माचं वजन परत यायला हवं होतं. काटा शार्दूलने आमच्या लॅबमधून आणला आहे, पाच ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवतो. पाजण्याआधी आणि पाजल्यावर तिला त्याच कपड्यांत तोलते. फरक कधी दहा ग्रॅम, कधी पाच, दोनदा शून्य. पंप लावला तर दोन्ही बाजूंचं मिळून वीस मिली. दिवसाला ओली दुपटी चार.

छाती जड होते, दुखते, झोपेत कपडे भिजतात असं सगळ्या सांगतात. माझ्या बाबतीत यातलं एकदाही झालेलं नाही.

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी, खाटेखाली शेगडी, कानात कापूस, सगळं चालू आहे. परवा सासूबाई म्हणाल्या, “दोन वाट्या खीर हाणलीस की गं! जातंय कुठं सगळं?” बारशाला त्यांच्या जावा आल्या होत्या. एकीने विचारलं, “सूनबाई दूध संघात हाय न्हवं? रोज हजारो लिटर तपासती, आणि घरात वाटीभर न्हाय?” सगळ्या हसल्या. मीही हसले. वाक्य बरोबर होतं.

नाव अवनी ठेवलं.

दुसरं. बारशातच सासूबाई कुणालातरी म्हणाल्या, “हिच्या आईलाबी दूध न्हवतं. घराण्यातच कोरडं.” हे त्यांना कुणी सांगितलं माहीत नाही. आईने मला पाजलं होतं का? तू तिथे होतीस. उत्तर हो किंवा नाही एवढंच असलं तरी चालेल.

मधुवंती


शिरोळ
१ डिसेंबर २०२४

मधू बाळा,

पत्र दोनदा वाचलं. वॉकर वापरते. रोज दारापर्यंत जाते आणि रस्त्याकडे बघून परत येते. माझ्या मेल्या हाडाला हीच वेळ सापडली.

आधी अवनीचं. सोळाव्या दिवशी जन्माचं वजन परत आलं नाही आणि दुपटी चारच ओली, म्हणजे थांबायचं नाही. उद्याच्या उद्या मुलांच्या डॉक्टरांना दाखव. ते वरचं दूध सांगतील, ते दे. वाटीचमच्याने दे. त्यात कमीपणा नाही. पोर आधी, दूध नंतर.

आता दुधाचं. मी नर्स म्हणून तीस वर्षं बाळंतिणी बघितल्या. निम्म्या बायका दूध नसताना रडत नाहीत, असताना रडतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते. पुढे दीड महिन्याने ती मऊ पडते आणि बाईला वाटतं, आटलं. ते आटलेलं नसतं, बाळाला लागेल तेवढ्यावर येऊन बसलेलं असतं. मधेच बाळ दोन दिवस सारखं मागतं, तेव्हाही हेच वाटतं. पंपात किती आलं यावरून काही ठरत नाही, पंप म्हणजे बाळ नव्हे. जितकं ओढलं जाईल तितकं बनतं. म्हणून दिवसाला आठ-दहा वेळा लाव, दोन्ही बाजूंनी, आणि तिचं तोंड नीट उघडू दे, नुसतं टोक धरू देऊ नकोस.

पण तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला बोचते. छाती एकदाही भरली नाही. हे मऊ पडणं नव्हे. बाळामागची वार पूर्ण पडली होती का? आणि रक्त किती गेलं? मला नीट लिही.

ती रुद्राणी अजून येते ना अंघोळ घालायला? तिचा हात चांगला आहे. तिला पाठ चोळायला सांग.

तुझ्या आईचं वेगळं होतं. त्याचा तुझ्याशी संबंध नाही. त्या बायकांच्या नादी लागू नकोस.

तुझी आत्या


कोल्हापूर
१२ डिसेंबर २०२४

आत्या,

तू सांगितलंस तसं केलं. डॉक्टरांनी वरचं दूध सुरू केलं. आज तेहतिसाव्या दिवशी अवनी ३ किलो १२० ग्रॅम. दुपटी दिवसाला सात-आठ. ती आता रडते तेव्हा आवाज येतो. आधी नुसतंच तोंड उघडायची; ते रडणं होतं हे मला आता कळतं.

माझ्याकडचे आकडे: वीस मिलीचे चौदा, मग दहा, काल आठ. दिवसाला दहा वेळा लावते, वर चार वेळा पंप. जितकं ओढावं तितकं बनतं, असं तू लिहिलंस. इथे ओढणं वाढलं आणि बनणं कमी झालं. पद्धतीत चूक असेल म्हणून दोनदा तपासलं. सापडली नाही.

सासूबाईंनी वरच्या दुधाचा डबा देवघराच्या खालच्या कपाटात ठेवला आहे, कुणी आलं तर दिसू नये म्हणून. त्या दुष्ट नाहीत. तीन वेळा माझ्यासाठी शेगडी भरतात. मला थंडी वाजते म्हटलं की त्यांना बरं वाटतं. “आता कशी शहाण्या बाळंतिणीगत वागाय लागलीस,” म्हणतात. आधी मी शाल काढून टाकेन अशी त्यांना भीती होती. मी दोन घेते.

रुद्राणीमावशींनी परवा पाठ चोळली. म्हणाल्या, “हिचं अंगच गार हाय की ओ. बाळंतिणीचं अंग कसं, तव्यावानी पायजे.” सासूबाईंनी त्यांना गप्प केलं.

वार आणि रक्ताबद्दल: डिस्चार्ज कार्डावर लिहिलं आहे, ‘नॉर्मल प्रसूती, वार पूर्ण, रक्तस्राव अंदाजे ३०० मिली.’ नर्सिंग होम सासूबाईंच्या मामेबहिणीचं आहे, तेव्हा निष्काळजीपणा झाला नसणार. मला स्वतःला त्या दिवसाचं शेवटचं फारसं आठवत नाही. आठवतं ते माप नव्हे, म्हणून लिहीत नाही.

तू आईबद्दल उत्तर दिलं नाहीस. मी संबंध आहे की नाही हे विचारलं नव्हतं.

मधुवंती


शिरोळ
१७ डिसेंबर २०२४

मधू,

अवनीचं वजन वाचून देवापुढे साखर ठेवली.

कार्डावर तसं लिहिलं असेल तर ठीक. मग मनाचा भाग धरू. तू फार मोजतेस बाळा. दर तासाला काट्यावर पोर आणि दर तासाला पंप, अशाने कुठली बाई सैल होईल? पंप ठेवून दे. तिला नुसती उघड्या छातीवर घेऊन पड. दूध आलं तर आलं. नाही आलं तरी ती तुझीच आहे, डब्याच्या दुधाने आई बदलत नाही. शार्दूलला सांग, बायकोला संध्याकाळी गच्चीवर ने. पहिलटकरणीचं मन पडतं. ते आपोआप उठतं.

थंडीचं म्हणशील तर डिसेंबर आहे. आणि बाळंतिणीला वाजतेच.

विचारलंस म्हणून सांगते. कालिंदीवहिनीला दूध आलं नाही. तू गाईच्या दुधावर वाढलीस, निम्मं पाणी घालून, मीच पाजलं म्हण. वहिनी बाळंतपणानंतर उठलीच नाही धड. चुलीपाशी बसून असायची. लोक आळशी म्हणायचे, थंड बाई म्हणायचे. मीही म्हटलं असेन. तू अडीच वर्षांची असताना तापाचं निमित्त झालं आणि गेली. एवढंच आहे. आता यावर विचार करत बसू नकोस.

आत्या


कोल्हापूर
१९ जानेवारी २०२५

आत्या,

पत्राला महिना लागला. लिहायला बसते आणि पेन हातात राहतं.

दूध २७ डिसेंबरला संपलं. त्या दिवशी शून्य, पुढचे तीन दिवस शून्य, म्हणून नोंद बंद केली. अवनी ४ किलो ३५०. ती हसते. मूळ प्रश्न सुटला असं म्हणायला हरकत नाही. काटा लॅबला परत पाठवला.

चाळीस दिवस कधीच झाले. शेगडी बंद करायची होती, मी करू दिली नाही. दुपारी ऊन असतं, शार्दूल बनियनवर असतो आणि मी स्वेटर घालून शेगडीशी. आता सासूबाईंना ते आवडत नाही. “कवाधरनं बसलीय! लेकराकडं बघ जरा. बाई हाय का बर्फाची लादी?” शार्दूल तसं बोलत नाही. तो एवढंच म्हणाला, “तू तिला आपणहून घेत नाहीस, मधू.” बरोबर आहे. घेतली तर हात थरथरतात. पाडेन असं वाटतं.

मंगळवारी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. अवनी रुद्राणीमावशींच्या मांडीवर होती, म्हणून तिला काही झालं नाही. काल सासूबाईंच्या मामेबहिणीने तपासलं. बीपी ८० वर ५०. हिमोग्लोबिन ८.९. थायरॉईडची टीएसएच तपासणी २.१, म्हणजे नॉर्मल. अशक्तपणा आहे म्हणाल्या, लोहाच्या गोळ्या दिल्या. जेवणाची इच्छा नाही. सकाळी मळमळतं. माझं वजन ४६.

मला राग येत नाही, रडू येत नाही. आधीही मी फार रडणारी नव्हते. पण आता ठरवून पाहिलं तरी येत नाही.

तू लिहिलेलं एक वाक्य डोक्यात राहिलं आहे. आई चुलीपाशी बसून असायची, हे. किती वेळ बसायची? उन्हाळ्यातही बसायची का?

मधुवंती


शिरोळ
२२ जानेवारी २०२५

मधू,

उन्हाळ्यातही बसायची.

पत्र आत्ता अकरा वाजता आलं. लगेच शार्दूलला व्हॉट्सॲपवर लिहिलं, तिला आज मोठ्या हॉस्पिटलात ने. त्याचं उत्तर आलं, ‘शनिवारीच दाखवलंय आत्या, रिपोर्ट नॉर्मल आहेत, काळजी नसावी.’ म्हणून कागदावर लिहिते. शेजारची भूमिका कॉलेजात शिकवायला रोज कोल्हापूरला जाते. उद्या सकाळी ती हे तुमच्या दारात देईल. वाचून शार्दूलच्या हातात दे. त्याने डॉक्टरच्या हातात द्यावं.

तीन गोष्टींची उत्तरं हवीत. एक, रक्त खरोखर किती गेलं. कार्ड नको, खोलीत कोण होतं त्याला विचार. दोन, पाळी आली का? पाजणं बंद होऊन महिना होत आला, चाहूल तरी लागायला हवी. तीन, लाजू नकोस, प्रसूतीआधी खालचे केस काढले असतील, ते परत उगवले का?

आता कालिंदीवहिनीचं. मागच्या पत्रात ‘एवढंच आहे’ असं लिहिलं होतं. एवढंच नाही.

१९९५ चा जुलै. मी एका खेड्यातल्या उपकेंद्रावर नर्स होते, नोकरीला तीन वर्षं झाली होती. दादाने वहिनीला माझ्याकडेच आणलं, बहीण आहे म्हणून. तू सुखरूप झालीस. वार पडायला वेळ लागत होता. बाहेर दुसरी बाई कळा देत होती आणि मी एकटी. वार सुटण्याआधी मी नाळ ओढली. ओढायची नसते, हे मला शिकवलं होतं. मी ओढली.

मग रक्त थांबेना. दोन लुगडी, एक चादर, टेबलाखालची घमेली. ओढ्याला पाणी होतं, गाडी निघाली नाही. वहिनी पांढरी पडली, ओठसुद्धा. मी इंजेक्शन दिलं, पोट दाबून धरलं, देवाचं नाव घेतलं. चारेक तासांनी थांबलं. जगली. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, ‘प्रसूती नॉर्मल.’ दादाला सांगितलं, बायकांना जातं एवढं. वहिनीला काही सांगितलं नाही, धसक्याने दूध आटेल म्हणून. दूध यायचंच नव्हतं.

नंतर सहा-सात वर्षांनी मिरजेला ट्रेनिंग झालं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, प्रसूतीत फार रक्त गेलं की मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते ती मरते. सगळ्या शरीराला हुकूम तिथून सुटतात. मग दूध येत नाही, पाळी येत नाही, केस उगवत नाहीत, बाई गारठते, झोपून राहते. साध्या तापाने दगावते. मी ऐकलं आणि वही मिटली. वहिनीला जाऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. गावात कुणी ‘आळशी होती बिचारी’ म्हटलं की मी गप्प बसायचे. आजवर बसले.

आणि तू गेले दोन महिने मला तेच लिहीत होतीस, आकड्यांसकट, आणि मी तुला गच्चीवर फिरायला सांगितलं. म्हैस आटली तर गवळी आधी म्हशीच्या अंगाला हात लावून बघतो. तुझ्या अंगाला हात लावला तो एका रुद्राणीने, आणि तिला गप्प केलं.

टीएसएच नॉर्मल आलं यावर विसंबू नका. ते त्याच ग्रंथीतून येतं. डॉक्टरला म्हणावं कॉर्टिसॉल तपासा, तेही त्याच ग्रंथीच्या हुकमाने बनतं. ताप किंवा उलटी झाली तर घरात थांबू नका, एक तासही नको.

मला काय म्हणायचं ते नंतर म्हण. आधी हॉस्पिटलात जा.

आत्या


कोल्हापूर
२३ फेब्रुवारी २०२५

आत्या,

मी बरी आहे. ‘ठीक’ लिहीत नाही, कारण ते अचूक नाही.

क्रमाने लिहिते. २३ जानेवारीला भूमिकाताई आल्या. मी झोपले होते. सासूबाईंनी पत्र घेऊन फ्रीजवर ठेवलं. २४ ला मला सर्दी झाली, ताप १००.४. २५ ला सकाळी उलट्या. दुपारी मला उठवलं तेव्हा मी उठले नाही. शार्दूलने उचलून गाडीत घातलं. निघताना सासूबाईंनी ते पत्र त्याच्या खिशात कोंबलं, “तिच्या आत्तीचं हाय, नर्स हाय ती, काय म्हणती बघ.” हे त्यांनी केलं, याची नोंद राहायला हवी.

तातडीच्या विभागात डॉक्टरांनी विचारलं, प्रसूतीला रक्त किती गेलं होतं. शार्दूल म्हणाला, नॉर्मल. मग त्याने तुझं पत्र उघडलं. उभ्यानेच वाचलं. आणि मग म्हणाला, दोन बाटल्या चढवल्या होत्या, तिसरी मिळत नव्हती.

त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सासूबाईंनाही. मामेबहिणीने कार्डावर तीनशे लिहिलं आणि दोघांना बजावलं, तिला सांगू नका, धसका घेईल आणि दूध आटेल. मला शुद्ध आली तेव्हा हाताला पट्टी होती. सलाईनची आहे म्हणाले. मला छतावरचा दिवा आठवत होता आणि कुणीतरी ‘दुसरी आणा, दुसरी’ असं ओरडत होतं. ते मी तुला डिसेंबरात लिहिलं असतं तर तू तेव्हाच ओळखलं असतंस. लिहिलं नाही, कारण हातात कागद होता आणि कागदावर आकडा होता. लॅबमध्ये मी असा आकडा स्वीकारला नसता. ‘अंदाजे’ लिहिलेलं प्रत्येक रीडिंग मी परत पाठवते.

सोडियम ११८. कॉर्टिसॉल १.८, असायला हवं दहाच्या वर. दुधाचा हुकूम देणारं प्रोलॅक्टिनही जवळजवळ नाही. डॉक्टर म्हणाल्या, आणखी दोन-तीन तास उशीर झाला असता तर प्रश्न उरला नसता. तुझं पत्र केसपेपरला टाचलेलं आहे, पान चार. त्यावर लाल पेनाने रेघा आहेत.

तुझे तीन प्रश्न: रक्त दीड लिटरच्या वर. पाळी नाही. केस नाहीत.

आता जन्मभर गोळ्या. सकाळी दोन, दुपारी एक, थायरॉईडची वेगळी. ताप आला तर दुप्पट. पर्समध्ये कार्ड ठेवायचं, बेशुद्ध सापडले तर कुठलं इंजेक्शन द्यावं याचं. दूध येणार नाही. दुसरं मूल औषधांवाचून नाही, बहुधा औषधांनीही नाही. पण चौथ्या दिवशी मला भूक लागली. सातव्या दिवशी शाल काढली. दहाव्या दिवशी शार्दूलवर इतकी ओरडले की नर्स आत आली. खोली सोडून जा म्हणाले, गेला. हॉस्पिटलात होते तोवर रोज डबा घेऊन यायचा, बाहेरच्या बाकावर बसायचा. घरीही मी त्याला अजून खोलीत बोलावलेलं नाही. पुढचं माहीत नाही. घरी आल्यावर अवनीला घेतलं, हात थरथरले नाहीत. ती माझ्याकडे आली आणि रुद्राणीमावशींकडे बघून रडायला लागली. अडीच महिने तिला उचलणारे हात त्यांचे होते. याला कुणाचा इलाज नाही.

आता तुझ्याबद्दल. तू माफी मागितलेली नाहीस, ते बरं केलंस. तुझ्यामुळे आई गेली आणि तुझ्यामुळे मी राहिले, यांची वजाबाकी मला करता येत नाही. दोन्ही वेगळे ठेवते.

एक हवं आहे. आमच्याकडे नोंद चुकली तर खाडाखोड करत नाहीत, पान फाडत नाहीत. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. ‘प्रसूती नॉर्मल’वर तू रेघ मार. रजिस्टर उरलं नसेल तर कोऱ्या कागदावर. आणि बाबांना सांग. सत्तावीस वर्षं ते आईचा विषय निघाला की ‘तिला संसाराची हौसच नव्हती’ म्हणतात. मी लहानपणी ते ऐकून माझ्यात हौस आहे का हे तपासत बसायचे.

मी सांगू शकते. पण नोंद ज्याची, दुरुस्तीही त्याने करायची असते.

मधुवंती


शिरोळ
२ मार्च २०२५

मधू,

कागद सोबत आहे. वर ‘प्रसूती नॉर्मल’ लिहून त्यावर तू सांगितलंस तशी एकच रेघ. खाली: ‘कालिंदी, वय २३. वार सुटण्याआधी नाळ ओढल्याने अतिरक्तस्राव, मोजला नाही, दोन लिटरच्या आसपास असावा.’ ‘असावा’ हा शब्द तुला आवडणार नाही. मोजलं नव्हतं गं. मग सही केली. सही वाकडी आली, पण माझीच आहे. आजची तारीख घातली आहे.

दादाला काल दुपारी सांगितलं. तो इथेच सोप्यात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. मी वॉकर धरून उभीच राहिले, बसले असते तर बोलता आलं नसतं. तुला लिहिलं ते सगळं सांगितलं, नाळ, घमेली, रजिस्टर, मिरजेचं ट्रेनिंग. कानाचं मशीन काढून ठेवलं होतं. तो ओरडला असता तर ऐकायचं नव्हतं. इतकी मी भित्री.

तो ओरडला नाही. हातातली शेंग तेवढी फोडली. मग काहीतरी म्हणाला. मला कळेना. मशीन लावलं आणि परत विचारलं.

“तिला थंडी खरंच वाजत हुती?”

मी व्हय म्हटलं.

“त्या संक्रांतीला पावणं आलतं जेवायला. ती चुलीम्होरनं उठंना. मी तांब्याभर पाणी वतलं चुलीत.”

मला हे माहीत नव्हतं, मधू. तेव्हा मी या घरात जाऊन-येऊन होते, राहायला नंतर आले, आणि मला माहीत नव्हतं. संक्रांतीनंतर पंधरा दिवसांत वहिनी गेली.

मी त्याला म्हणाले, तुला कुठं ठाऊक होतं. तो म्हणाला, “तुला हुतं.”

नंतर उठून आत गेला. चूल काढून पुष्कळ वर्षं झाली, तिथे आता गॅसचा कट्टा आहे, खाली पांढरी फरशी. कट्ट्याखाली सिलेंडरशेजारी वाकून, फरशीला तळहात लावून बसला. शेंगांची पाटी तशीच राहिली. मी हाक मारली, उठला नाही.

आज सकाळी चहा त्याने स्वतः केला, दोन कप. एक स्वतः घेतला. दुसरा कट्ट्यावर ठेवला. माझ्यासाठी असेल म्हणून मी हात पुढे केला तर म्हणाला, राहू दे तो तिथंच.

गोळ्या वेळेवर घे.

आत्या